दहिवर, ओक आणि हरणे

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन डोंगरांत एप्रिल-मे महिन्यांत ओक वृक्षांना फुलोरा येतो. याच सुमारास एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने उत्सर्जित करते. तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन दरीत उतरते. तापमान शून्याखाली गेले, की दहिवर पडून दरीतील फुले करपतात. उतारावरची पुष्कळदा वाचतात.

परिणाम केव्हा दिसतो? पांढऱ्या ओकची फळे त्याच वर्षी शरद ऋतूत पिकतात, तांबड्या ओकची मात्र पुढच्या वर्षी. म्हणजे एकाच रात्रीचा फटका दोन वर्षे जाणवतो!

ही फळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे आवडते खाद्य. पीक उदंड आले, की हरणे रानातच रमतात. शिकाऱ्यांच्या दृष्टीस क्वचितच पडतात. पीक बुडाले, की ती अन्नासाठी शेताकुरणांकडे भटकतात आणि सहज टिपली जातात.

मग शिकार वाढली, म्हणून हरणांची संख्याही वाढली असे म्हणता येईल का? नाही. म्हणूनच तेथील अनेक राज्यांचे वन्यजीव विभाग शिकारीच्या आकड्यांबरोबर दरवर्षी ओकच्या पिकाचीही पाहणी करतात.