अमेरिकेतील शेतमालाचे भाव सावरले ते कोणामुळे?

पीक चांगले आले की बी देणारा, विहीर खोदणारा आणि मुहूर्त सांगणारा जोशी असे तिघेही पुढे होऊन आपापला वाटा सांगू लागतात, व पीक बुडाले की तिघेही आभाळाकडे बोट दाखवितात, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाही. राष्ट्रांच्या कारभारातही हेच चालते. 1929 साली सुरू झालेल्या महामंदीतून अमेरिकेची संयुक्त संस्थाने वर आली, त्याचे श्रेय अध्यक्ष रूझवेल्ट यांस द्यावे की त्यांच्या पूर्वीचे अध्यक्ष हूव्हर यांस, हा वाद तेथे नव्वद वर्षांहून अधिक काळ चालला आहे. शेतमालाचे भाव हा या वादातील एक मुख्य साक्षीदार असल्यामुळे त्याची हकीकत शेतकरी वर्गाने मुळापासून पाहावी असे आम्हांस वाटते.

प्रथम मंदी किती खोल होती ते सांगतो. 1929 साली अमेरिकन शेतकऱ्यास गव्हाच्या एका बुशेलास, म्हणजे सुमारे 27 किलो गव्हास, एक डॉलरच्या वर भाव मिळत होता. 1932 साली तो 38 सेंटांवर आला. कापूस रतली सोळा-सतरा सेंटांवरून साडेसहा सेंटांपर्यंत उतरला. कर्जाचा हप्ता व जमिनीवरील कर मात्र पूर्वीच्याच डॉलरांत द्यावयाचे. मका इतका मातीमोल झाला की काही ठिकाणी लोक कोळशाऐवजी कणसेच शेगडीत जाळीत. सावकाराने लिलाव पुकारला म्हणजे शेजारचे शेतकरी जमून चार-दोन सेंटांच्या बोल्या बोलत, परक्यास बोली करू देत नसत, व घेतलेले औत-जनावर मूळ मालकास परत करीत.

या काळात हूव्हर स्वस्थ बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1929 च्या कायद्याने त्यांनी एक शेतकी मंडळ स्थापिले व त्यास 50 कोटी डॉलरांचा निधी दिला. मंडळाने गहू व कापूस खरेदी करून भाव धरून ठेवण्याचा यत्न केला. परंतु पेरा कमी झाला नाही, कोठारे भरत गेली, आणि ती भरलेली कोठारे पाहूनच व्यापारी भाव आणखी पाडू लागले. हूव्हरांच्या पक्षाचे म्हणणे मात्र निराळेच आहे. ते म्हणतात की, 1932 च्या उन्हाळ्यात कारखाने व शेअरबाजार सावरू लागले होते. नोव्हेंबरात निवडणूक झाली, नवे अध्यक्ष डॉलरचे सोन्यातील मोल उतरवितील अशी भीती पसरली, लोकांनी पेढ्यांतील ठेवी काढून सोने घरात नेले, आणि त्यामुळे मार्च 1933 चा अनर्थ ओढवला. आपल्या 1952 साली छापलेल्या आठवणींतही हूव्हरांनी हीच बाजू मांडली आहे. तीत अगदीच तथ्य नाही असे नाही. 9 मार्च 1933 रोजी मंजूर झालेल्या ज्या कायद्याने बंद पडलेल्या पेढ्या पुन्हा उघडल्या, त्याचा मसुदा बऱ्याच अंशी हूव्हरांच्याच खजिन्यातील अधिकाऱ्यांनी केला होता. पण 1932 च्या त्या उन्हाळी तेजीचा एक दाणाही शेतकऱ्याच्या पदरी पडला नाही. वर्षाअखेर गहू आणखी उतरला होता.

आता रूझवेल्टांच्या पक्षाचे ऐकू. 12 मे 1933 रोजी त्यांनी शेती सावरण्याचा कायदा केला. तो चालविणारे शेतकी मंत्री हेन्री वॉलेस हे आयोवातील एका शेतकी पत्राचे संपादक व संकरित मक्याचे बी काढणारे गृहस्थ होते, हे सांगताना आमच्यासारख्या शेतकी पत्र चालविणाऱ्यांस थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. पेरा कमी करणाऱ्यास सरकारने रोख मोबदला द्यावा व त्याचा खर्च गिरण्यांवर कर बसवून काढावा, अशी योजना होती. पहिल्या वर्षी उभा कापूस सुमारे एक कोटी एकरांवर नांगरून टाकला गेला, आणि साठ लाखांच्या आसपास डुकरे वेळेपूर्वीच मारली गेली. शहरांत लोक भाकरीसाठी रांगा लावीत असता हे चाललेले पाहून पुष्कळांस शिसारी आली. पण भाव चढले, आणि ते नांगरटीमुळेच चढले असा समज पक्का बसला. स्तुती करणारे व निंदा करणारे दोघेही तेच धरून चालले.

तारखा मात्र निराळी गोष्ट सांगतात. भाव चढू लागले ते एप्रिलात. कापसाची नांगरट झाली ती जुलैपासून पुढे, आणि मोबदल्याचे पैसे त्याहूनही नंतर हाती आले. एप्रिलात रूझवेल्टांनी डॉलर सोन्यापासून सोडविला. पौंड व फ्रँक यांच्या मानाने डॉलर उतरला, म्हणून जो माल परदेशांच्या बाजारभावावर विकला जातो त्या गव्हास, कापसास व तंबाखूस डॉलरांत अधिक किंमत येऊ लागली. हुंडणावळीचा हा हिशेब कापूस पिकविणाऱ्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. गव्हाचा भाव जुलैपर्यंत दुपटीवर गेला, कापूस सहा सेंटांवरून दहाच्या आसपास आला. मार्च ते जुलै या चार महिन्यांत कारखान्यांचे उत्पादन निम्म्याहून अधिक वाढले. 2019 साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी प्रांतवार हिशेब मांडून असे दाखविले की, ज्या भागात ही पिके होत त्या भागात मोटारींची विक्री इतरांहून जास्त वाढली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तेव्हा कारखान्याचे चाक फिरले, असा त्याचा अर्थ. पेरा घटणार या अटकळीनेही व्यापाऱ्यांनी भाव चढविले असतील, व त्या वर्षी गव्हाचे पीकही बेताचेच होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण मोठा वाटा आम्ही हुंडणावळीसच देतो. म्हणजे श्रेय रूझवेल्टांचेच, परंतु ज्या कृत्यासाठी त्यांचे पोवाडे गाइले गेले त्याचे नव्हे. जानेवारी 1934 मध्ये सोन्याचा सरकारी दर औंसास 20.67 डॉलरांवरून 35 डॉलर केला गेला. (आपल्याकडे 1931 च्या सप्टेंबरात पौंडाबरोबर रुपयाही सोन्यापासून सुटला होता, पण तो पौंडास 1 शिलिंग 6 पेन्स या दराने बांधलेलाच राहिला, आणि गरजेपायी विकलेले खेड्यापाड्यांतील सोने मुंबई बंदरातून परदेशी गेले.)

पुढील तीन वर्षांत एक तिसराच वाटेकरी उभा राहिला, तो म्हणजे अवर्षण. 1931 साली अमेरिकेत 90 कोटी बुशेलांहून अधिक गहू झाला होता. 1934 साली तो 53 कोटींच्या आसपास आला. मे 1934 मध्ये पठारावरील माती उडून न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथवर पोहोचली. पेरा कमी करण्याच्या कायद्याने जेवढे धान्य घटले नसते तेवढे पावसाने घटविले. 6 जानेवारी 1936 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. त्या वर्षीही अवर्षण होतेच, व भाव कोसळले नाहीत. त्याच नोव्हेंबरात रूझवेल्ट 48 पैकी 46 संस्थानांत निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन हे कॅन्सासचे गव्हर्नर, त्यांस स्वतःच्या गहू पिकविणाऱ्या कॅन्सासनेही मत दिले नाही. असे श्रेय पदरी पडल्यावर काम झाले असे वाटू लागते. 1937 साली सरकारने खर्च आखडला, पेढ्यांस अधिक रोकड बाजूस ठेवावयास लावली, आणि वर्ष संपण्यापूर्वीच दुसरी मंदी आली.

या साऱ्या भांडणात एका वर्गाचे नाव कोणीच घेत नाही. दक्षिणेतील कापूस बहुतांशी वाट्याने जमीन करणारी कुळे पिकवीत. नांगरटीचा मोबदला जमीनमालकाच्या नावे येई. त्यातून कुळास पुष्कळदा काहीच मिळत नसे, आणि पेरा कमी झाल्यामुळे त्याची गरजही उरत नसे. हजारो कुटुंबे घरादारांतून निघाली. 1934 च्या जुलैत आर्कान्सा संस्थानातील टायरॉन्झा गावी गोऱ्या व काळ्या कुळांनी मिळून आपला संघ स्थापिला, तो याच कारणाने. त्या संस्थानात मत देण्यासाठी आधी डोईपट्टी भरावी लागे, आणि ती भरण्याइतका पैसा यांतील पुष्कळांपाशी नव्हता. भाव कोणी सावरले, हे त्यांस विचारावयास 1936 साली कोणताच पक्ष गेला नाही.