‘च’ची भाषा कॉम्प्युटरला शिकवताना

लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून आपण ‘च’च्या भाषेत बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे ‘च’ बसवायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी जोडायचं. ‘मला पाणी’चं होई ‘चलाम चाणीप’. (मोठ्यांना सगळं कळत असे, ते निराळं.)

माझी भाची अकरावीला आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, आता विषय कॉम्प्युटर सायन्स. एका रविवारी वही मिटून म्हणाली, “खाला, मी विषय बदलते. स्क्रीनवर नुसत्या लाल ओळी येतात. इंग्रजी वाचूनच घाबरायला होतं.”

पायथन मलाही जेमतेमच येतं. म्हटलं, “पुस्तकातले प्रोग्राम राहू दे. ‘च’ची भाषा बोलणारा प्रोग्राम करू या.”

आधी कॉम्प्युटर बंद केला. पायऱ्या कागदावर, उर्दूत लिहायला लावल्या: वाक्य घे, त्याचे शब्द कर, पहिलं अक्षर बाजूला ठेव, ‘च’ लाव, ते अक्षर शेवटी जोड. प्रोग्रामही जवळपास तेवढाच झाला. ‘चलाम चाणीप’ उमटलं तेव्हा ती खुदकन हसली.

‘पा’चा काना बरोबर ‘च’ला कसा लागला, याचं मला नवल वाटलं. उत्तर तिनेच शोधलं. कॉम्प्युटर ‘पा’ एक अक्षर धरतच नाही. प वेगळा, काना वेगळा. पहिला फक्त प निघतो आणि मागे राहिलेला काना ‘च’ला चिकटतो.

मग ‘आई’ लिहिलं, तर आलं ‘चईआ’. इथे ‘आ’ हे एकच चिन्ह, काना सुटा नाहीच. स्वरांसाठी वेगळा नियम लिहावा लागला: आ असेल तर काना, ई असेल तर दुसरी वेलांटी.

पुन्हा लाल ओळ आली. चूक मला दिसली होती, दोन शब्दांमध्ये स्पेस दोनदा पडली होती. त्यामुळे मधे एक रिकामा शब्द तयार झाला, आणि रिकाम्या शब्दाचं पहिलं अक्षर काढणार कुठून? सांगायचा मोह आवरला. आम्हा शिक्षकांना हेच सगळ्यात अवघड जातं! तिने शब्दकोश घेऊन इंग्रजी ओळ एकेक शब्द लावून वाचली. वेळ लागला. मग वाक्य तोडण्याच्या ‘स्प्लिट’मधल्या कंसातली स्पेस पुसली. कंस रिकामा असला की कितीही मोकळ्या जागा एकच धरल्या जातात.

त्यानंतर तिने स्वतःहून उर्दू लिपी घेतली. लिपी उजवीकडून असली तरी अडलं नाही, कारण आधी टाइप केलेलं अक्षर कॉम्प्युटरला पहिलंच असतं. पण ‘भाई’ अडला. देवनागरीत भ एक अक्षर, म्हणून ‘चाईभ’. उर्दूत तो बे आणि दो-चश्मी हे मिळून होतो. बे गेला, हे ‘च’ला लागला, आणि झालं ‘छाईब’!

विषय बदलायचा अर्ज सोमवारी द्यायचा होता. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. अर्जाचं नाव नाही. “खाला, दो-चश्मी हे असेल तर दोन्ही अक्षरं उचलायची, हा नियम कुठल्या ओळीत घालू?”