दिसायला सारख्याच पांढऱ्या सुया: खान्देशातली खनिजे ओळखायची कशी?

जळगाव-धुळ्याकडे विहिरीसाठी सुरुंग लावला किंवा खडीसाठी खाण फोडली, की काळ्या दगडात कधीकधी एखादी पोकळी उघडते. आत पांढऱ्या सुयांचे गुच्छ, गुलाबी पापुद्रे, काचेसारखे स्फटिक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे खनिजयुक्त गरम पाणी त्यांत झिरपले, त्यातून ही खनिजे तयार झाली. यातली बरीचशी झिओलाइट कुळातली. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचे नाव तर परदेशातल्या संग्राहकांनाही ठाऊक आहे.

अडचण नाव लावताना येते. नॅट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट या तिघांच्याही पांढऱ्या सुया, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. सांगाडा एकच, सिलिकॉन-ॲल्युमिनिअम-ऑक्सिजनचा. फरक आतल्या पाहुण्यांत असतो. नॅट्रोलाइटमध्ये सोडिअमचे दोन अणू आणि पाण्याचे दोन रेणू. स्कोलेसाइटमध्ये त्या दोन सोडिअमऐवजी एकच कॅल्शिअम, आणि रिकाम्या झालेल्या जागी पाण्याचा तिसरा रेणू. मेसोलाइटमध्ये दोन्ही धातू. पूर्वी सुई ज्योतीत धरत. स्कोलेसाइट अळीसारखे वळते, त्याचे नावही अळीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आले. पण यात नमुना जातो.

इथे कंपने कामी येतात. अणूंमधले बंध स्प्रिंगसारखे सतत थरथरतात. अणू जड असेल तर थरथर संथ, बंध घट्ट असेल तर वेगवान. अवरक्त किरण सोडले की प्रत्येक बंध आपल्या कंपनाशी जुळणारे किरण तेवढे शोषतो. रामन पद्धतीत लेसर टाकतात. बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परततो, अगदी थोड्याचा रंग किंचित बदलतो. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेला परिणाम तो हाच.

या त्रिकुटाचे गुपित पाणी फोडते. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचे पट्टे साधारण ३२०० ते ३६०० प्रति सेंटीमीटर या टापूत उमटतात. नॅट्रोलाइटमध्ये पाण्याचे सगळे रेणू एकाच तऱ्हेने बसलेले, म्हणून तिथे दोन ठळक पट्टे दिसतात. स्कोलेसाइटमध्ये पाण्याच्या जागा वेगवेगळ्या, म्हणून पट्ट्यांची गर्दी.

हा नुसता संग्राहकांचा शौक नाही. एरिओनाइट हे तंतुमय झिओलाइट श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियाच्या काही गावांनी ते भोगले आहे. मॉर्डेनाइटही तंतुमयच, पण त्याच्याबाबत असा पुरावा नाही. त्यामुळे धुळीतला एखादा तंतू नेमका कशाचा, हे ठरवणे महत्त्वाचे, आणि रामन सूक्ष्मदर्शकाला तेवढा एक तंतूही पुरतो.

मात्र ही काही जादूची कांडी नव्हे. काही नमुने लेसरखाली स्वतःच चमकू लागतात आणि त्या झगमगाटात रेषा बुडतात. ह्यूलँडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांचा तर सांगाडाही एकच, फरक सिलिकॉन-ॲल्युमिनिअमच्या प्रमाणाचा. तिथे शेवटी रासायनिक विश्लेषणच करावे लागते.