कॉन्व्हेंट, शब्बाथ शाळा आणि आमची दोन मुलं

परवा बचत गटाची मीटिंग आटोपली, सगळ्याजणी गेल्या आणि एक मात्र चप्पल घालता घालता दारातच रेंगाळली. मी म्हटलं, "काय गं, हप्ता राहिला का?" तर म्हणाली, "नाही ताई, वेगळंच आहे. पोरीला सिस्टरांच्या शाळेत घालायचं म्हणतोय. सासूबाई म्हणतात, पोर बाटेल. तुम्ही त्यातल्याच, खरं काय ते तुम्हीच सांगा."

'तुम्ही त्यातल्याच' ऐकून मला हसू आलं. आम्ही ख्रिस्ती खरे, पण कॉन्व्हेंट कॅथलिक सिस्टरांचं आणि आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. पण बाहेरून बघणाऱ्याला सगळं एकच. मी तिला बसवलं, चहा टाकला. म्हटलं, बाटण्याचं आधी सांगते. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय, सरकारमान्य शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाची किंवा प्रार्थनेची सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा फॉर्मवर कशाकशाला सही मागतात ते नीट वाच, नको असेल तिथं नको म्हण. आणि पंचवीस टक्क्यांत मोफत नंबर लागेल या आशेवर बसू नकोस. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. फी भरायची तयारी ठेवूनच विचार कर.

एवढं सांगून मी मोकळी झाले असते. पण ती म्हणाली, "तुमची पोरं कुठं शिकली ताई?" आणि मैत्रिणींनो, तिथं माझी गाडी अडली.

आमची थोरली कॉन्व्हेंटमध्ये शिकली आणि धाकटा मराठी शाळेत. एकाच घरातली दोन मुलं, दोन शाळा. यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नसतील.

२००७ साली थोरलीला बालवाडीत घातलं, तेव्हा यांचं म्हणणं होतं, "आपण ख्रिस्ती, आपल्या मुलांना ख्रिस्ती शिक्षण नको का?" मलाही ते पटलं. प्रत्यक्षात झालं काय, तर वर्गात ख्रिस्ती मुलं मोजून चार. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा वेगळा तास, आमची लेक बाकीच्यांबरोबर मॉरल सायन्सला. खरं बोलावं, मोठ्यांना नमस्कार करावा, कचरा डब्यात टाकावा. वाईट काहीच नाही, पण ते कुठल्याही शाळेत शिकवतात. शिस्त मात्र चांगली होती, इंग्रजी तर छानच. सिस्टरांनी तिला मनापासून शिकवलं, हे मी आजही सांगते.

मग आलं २०१३ सालचं नाताळ. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. त्या मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या, पुढे जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरीण. रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचल्याशिवाय चहा नाही. त्या दिवशी नातीला म्हणाल्या, "बाळा, तेविसावं स्तोत्र वाच बरं." लेक दहा वर्षांची. पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडखळली. प्रत्येक जोडाक्षराला थांबायची, माझ्याकडे बघायची. मराठी विषय होता शाळेत, पण नावालाच. चौथ्या ओळीला सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, मला पाठ आहे." आणि डोळे मिटून स्वतःच म्हणत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, हिची प्रार्थना कुठल्या भाषेत होणार आहे?

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) हा प्रश्न म्हणजे गंमतच आहे. सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली, पुढे नगरला येऊन तिनं मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ मध्ये इथंच वारली. जोतीराव फुल्यांनी तिच्या शाळा पाहिल्या होत्या. पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि तिथल्याच बायकामुलींनी ते छापायचं काम केलं. लक्ष्मीबाई टिळक तर शाळेची पायरी न चढलेल्या, आणि त्यांचं 'स्मृतिचित्रे' आपण आजही वाचतो. आमच्या सासूबाईंच्या पिढीला 'मिशनची शाळा' म्हटलं की मराठीच शाळा डोळ्यांपुढे येते. ती 'इंग्लिश मीडियम' कधी झाली, ते आम्हाला कळलंच नाही.

धाकट्याला २०१४ मध्ये पहिलीत घालायची वेळ आली, तेव्हा मी हट्टानं गावातल्या मराठी शाळेत नाव घातलं. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. ख्रिस्ती शिक्षणाचं काय, तर म्हटलं ते माझ्याकडे लागलं. रविवारी शब्बाथ शाळा, रात्री झोपण्याआधी एक वचन, आणि आजीजवळ बसून रोज एक पान वाचन. थोरलीलाही त्यात ओढली. ती कुरकुरत बसायची, पण बसायची.

सोपं गेलं असं मात्र कुणी समजू नका. दुसरीत असताना धाकटा घरी आला तो फुगूनच. शाळेत सरस्वतीपूजन होतं, "मम्मी, मी हात जोडायचे का?" काय सांगणार सात वर्षांच्या मुलाला? मी म्हटलं, "सगळ्यांबरोबर उभा राहा, गप्प राहा, प्रसाद दिला तर बाईंना थँक्यू म्हण. मनातली प्रार्थना तुझी तू कर." पाळकांना विचारलं असतं तर कदाचित वेगळं उत्तर मिळालं असतं. मी विचारलं नाही. पुढे चिडवणंही झालं, दोनदा शाळेत जाऊन बोलावं लागलं. आणि अकरावी सायन्सला पुस्तकं इंग्रजीत आली तेव्हा महिनाभर पोरगा रडकुंडीला. "दीदीला कॉन्व्हेंट आणि मला का नाही?" हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा ऐकलं! त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

थोरली आता नर्स आहे, पुण्यात. इंग्रजीमुळे मुलाखतीत कुठं अडली नाही. परवाच फोनवर म्हणाली, "मम्मी, वॉर्डात एक म्हातारी आहे, तिला मी रोज पेपर वाचून दाखवते. फास्ट वाचते आता." मी काही बोलले नाही. सासूबाई शेजारीच होत्या, त्यांनी फोन मागून घेतला.

हे सगळं मी त्या बाईला सांगितलं, चहा केव्हाच गार झाला होता. तिनं विचारलं, "मग ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर?" मी म्हटलं, घरी कोण आहे पोरीजवळ बसायला? ती म्हणाली, "सासूबाई आहेत. रोज हरिपाठ म्हणतात." मग तिला म्हटलं, आधी त्यांना शाळेत घेऊन जा, सिस्टरांशी समोरासमोर बोलू दे. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे. काल भाजीबाजारात दोघी भेटल्या, सासू पुढं, सून मागं. विचारलं तर म्हातारी म्हणाली, "बघितली शाळा. बाथरूम लई स्वच्छ आहेत." बाकी काही बोलली नाही.