परकी शस्त्रसाहाय्य आणि मतदाराचा मतभेद

प्रतिनिधी एकदा निवडून दिला की मतदाराने आपले मतही पाच वर्षांसाठी त्याच्या स्वाधीन केले, असा समज पुष्कळांचा असतो. रस्ता, पाणी, शाळा यांविषयी लोक प्रतिनिधीशी निःसंकोच वाद घालतात. परंतु परराष्ट्रांकडून घ्यावयाच्या लष्करी साहाय्याचा प्रश्न निघाला, की तो थोरामोठ्यांचा विषय मानून गप्प बसतात. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाला तरी हे मौन शोभणारे नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षणकेंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि या मुलखातील अनेक घरांतून सैन्यात जवान गेलेले आहेत. जवानाच्या हातातील शस्त्र कोठून आले व कोणत्या अटीवर आले, हा प्रश्न त्याच्या घरच्या माणसांचाही आहे.

या बाबतीत राज्यघटना काय सांगते, ते प्रथम पाहिले पाहिजे. संरक्षण आणि परराष्ट्रव्यवहार हे दोन्ही विषय संघसूचीत येतात. म्हणून विधानसभेतील आमदाराला त्यांत अधिकार नाही. परराष्ट्राशी करार करण्याचे काम केंद्र सरकारचे असून, प्रत्येक कराराला संसदेची पूर्वसंमती लागतेच असे नाही. मग नियंत्रण कसे राहावयाचे? प्रश्नोत्तरांनी, चर्चेने, अंदाजपत्रकावरील मतदानाने आणि शेवटी अविश्वासाच्या ठरावाने. ही साधने लोकसभेच्या सदस्याच्या हाती असतात. आणि ती वापरण्यास त्याला प्रवृत्त करणे हे मतदाराचे काम होय.

या प्रश्नाचा खरा कस १९६२ साली लागला. त्यापूर्वी १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी मदत देण्याचे ठरविले, तेव्हा ती शस्त्रे भारतावरील आक्रमणासाठी वापरू दिली जाणार नाहीत, असे आश्वासन अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्राने दिले होते. तशीच मदत भारतालाही देऊ केली होती. नेहरूंनी ती नाकारली. परंतु २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे सैन्य उत्तर सीमेवर तुटून पडले. जुन्या ३०३ रायफली घेतलेले जवान हिमालयाच्या थंडीत लढत होते. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच नेहरूंनी अमेरिकेकडे शस्त्रे मागितली, आणि १४ नोव्हेंबरला उभय सरकारांत तसा करार झाला.

त्याच दिवशी लोकसभेने, शेवटचा आक्रमक हटेपर्यंत लढण्याचा निर्धार करणारा ठराव एकमताने संमत केला. या चर्चेत दीडशेहून अधिक सदस्य बोलले. बैठक गुप्त असावी, ही सूचना नेहरूंनी मान्य केली नाही, हे त्यांच्या लोकशाहीनिष्ठेला शोभणारेच होते. बेळगावचे लोकसभा सदस्य बळवंतराव दातार त्या वेळी केंद्रात गृहखात्याचे राज्यमंत्री होते. मंत्री सामुदायिक जबाबदारीने बांधलेला असतो. सरकारच्या धोरणावर त्याला उघड टीका करता येत नाही. विरोधी बाकांवर मात्र बॅरिस्टर नाथ पै बसत होते. त्यांचा मतदारसंघ कोकणातील राजापूर. पण त्यांचे शिक्षण आणि स्वातंत्र्यलढ्यातील कार्य यांमुळे ते बेळगावकरांना घरचेच वाटत.

ठराव एकमताचा असला, तरी मते एक नव्हती. अलिप्ततेचे धोरणच सोडावे, असे स्वतंत्र पक्षाला वाटत होते. कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने शस्त्रे विकत घेण्यास हरकत घेतली नाही. मात्र ती चालविण्यास परदेशी माणसे आणण्याला विरोध केला. हा भेद समजून घेण्यासारखा आहे. रोख पैसे मोजून शस्त्र विकत घेणे वेगळे, ते उधारीवर किंवा दान म्हणून घेणे वेगळे, आणि परकी सैनिकालाच आपल्या आकाशात बोलावणे त्याहून वेगळे. यांपैकी एकाला पाठिंबा देणारा मनुष्य दुसऱ्याला विरोध करू शकतो. त्यात विसंगती काही नाही.

पुढे जे घडले, त्यावरून हा भेद किती महत्त्वाचा होता हे दिसते. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रे लिहून लढाऊ विमानांची बारा पथके मागितली. ती प्रारंभी अमेरिकन वैमानिकांनीच चालवावयाची होती. ही मागणी संसदेला ठाऊक नव्हती. पत्रांचा संपूर्ण मजकूर कित्येक वर्षांनी लोकांपुढे आला. दोन दिवसांतच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केल्यामुळे तो प्रसंग टळला. परंतु मदतीमागोमाग काश्मीरविषयी बोलणी करण्याचा आग्रह आला, आणि डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात स्वर्णसिंग व भुट्टो यांच्या सहा फेऱ्या झाल्या. त्यांतून निष्पन्न काहीच झाले नाही.

मतभेदाने काही साधते का, असे विचारणाऱ्यांनी १९६३ चा रेडिओकरार आठवावा. अमेरिकेने शक्तिशाली प्रक्षेपणयंत्र द्यावे आणि त्यावरून काही तास 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे कार्यक्रम व्हावेत, असा तो करार होता. वृत्तपत्रांनी आणि संसद-सदस्यांनी त्यावर कडाडून टीका केली, तेव्हा झालेल्या करारातून सरकारने माघार घेतली. ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. तो ३४७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळला गेला. तरी सरकारला चार दिवस उत्तरे द्यावी लागली.

१९६५ च्या युद्धात आश्वासनांचीही किंमत कळली. अमेरिकेचे पॅटन रणगाडे खेमकरणच्या उसाच्या शेतांतून भारतावरच चालून आले. अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबविली. जो देतो, तो हात आखडताही घेऊ शकतो.

सीमाभागातील मराठी मतदाराची या बाबतीत एक विशेष अडचण आहे. राज्यरचनेविषयी १९५६ पासून त्याचा सरकारशी वाद आहे. म्हणून संरक्षणाच्या प्रश्नावर तो बोलला, तर त्याच्या निष्ठेविषयीच शंका घेणारे निघतात. नाथ पै यांचे जीवन हे त्याला उत्तर आहे. त्यांचा पक्ष राष्ट्ररक्षणाच्या ठरावाच्या बाजूने उभा राहिला. आणि सीमाप्रश्नी सरकारला विरोध करणारे नाथ पै १७ जानेवारी १९७१ ला हुतात्मादिनी बेळगावात बोलले व दुसऱ्याच दिवशी निवर्तले. देशावरील निष्ठा आणि सरकारशी मतभेद एकाच अंतःकरणात सुखाने नांदू शकतात.

मात्र मतभेद नेमका हवा. साहाय्य विकत की फुकट? अट कोणती? शस्त्र चालविणार कोण? ते बंद झाले, तर पर्याय काय? हे चार प्रश्न लिहून निपाणीच्या विडी कामगारानेही आपल्या खासदाराला पाठवावेत. उत्तर पटले नाही, तर पुन्हा लिहावे, सभेत विचारावे, आणि मतदानाच्या दिवशी त्याची आठवण ठेवावी.