सात की साठ? हॅम रेडिओवर आवाज स्पष्ट जायला वॅट नव्हे, माईक सांभाळा

‘पुरात सात माणसं अडकलीत’ असा निरोप गेला आणि पलीकडे ‘साठ’ ऐकू आलं, तर मदतीचा सगळा हिशोब चुकतो. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले होते. अशा वेळी आवाज नुसता पोहोचून भागत नाही, तो कळावा लागतो.

आज बहुतेक हॅम एसएसबी किंवा एफएमवर बोलतात. पण घरी सेट बनवणाऱ्या हौशींमध्ये एएम अजून टिकून आहे. आकाशवाणीची मीडियम वेव्ह याच पद्धतीने येते.

गाडी आणि माल

एएममध्ये कॅरिअर म्हणजे गाडी आणि आवाज म्हणजे माल. कॅरिअर २५ वॅटचा असेल आणि मॉड्युलेशन ३० टक्केच असेल, तर आवाजाच्या वाट्याला एक वॅटच्या आसपास ताकद येते. १०० टक्के भरलं तर साडेबारा वॅट. म्हणजे रिकामी गाडी मोठी करून उपयोग नाही.

पण १०० टक्क्यांच्या वर गेलं की माल सांडतो. आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांनाही त्रास होतो. पूर्ण मॉड्युलेशनला शिखराची ताकद कॅरिअरच्या चौपट होते. म्हणून १०० वॅटच्या सेटवर एएमचा कॅरिअर २५ वॅटच ठेवावा.

काय करावं?

- माईक तोंडापासून तीन-चार बोटं लांब आणि जरा तिरका धरा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट माईकवर बसत नाही. पंखा बंद करा.
- माईक गेन कमीवरून हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या.
- बोलणं कळायला ३०० ते ३००० हर्ट्झ पुरेसं आहे. खालचा घुमारा कमी करा, वरची धार थोडी वाढवा. ‘त’ आणि ‘ठ’मधला फरक या धारेतच कळतो.
- गुणगुण येत असेल तर सेट बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली तर दोष बहुधा पॉवर सप्लायमध्ये आहे, आधी फिल्टर कपॅसिटर तपासा.
- माईकची वायर शील्डवाली वापरा.

आपला आवाज आपल्याला नीट कळत नाही. पलीकडच्या हॅमला मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. ‘सात, साठ, आठ’ असे शब्द बोलून बघा.

हॅम रेडिओला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. परीक्षा पास झाल्यावर ‘व्हीयू’ने सुरू होणारं कॉल साइन मिळतं. परवान्याशिवाय सेट ऑन करून बोलणं हा गुन्हा आहे.