घरातलं तळं – भाग ९ : गप्पीची जोडी मागू नका

माशांच्या दुकानात गप्पी जोडीनं विकतात. ‘एक जोडी द्या काका’ म्हटलं की काका जाळीनं झालरीच्या शेपटीचा एक रंगीत नर उचलतात, करड्या रंगाची एक मादी उचलतात, पिशवीत हवा भरून रबर गुंडाळतात. घेणाऱ्यालाही बरं वाटतं. एक तो, एक ती, हिशेब पुरा. मागच्या भागात सांगितल्याप्रमाणे ज्यांनी टाकी तीन-चार आठवडे माशांविना, फिल्टर लावून आणि रोज चिमूटभर खाणं टाकून चालवली, ते आता दुकानात जातील. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की जोडी मागू नका.

माझ्या पहिल्या दीड फुटी टाकीत अशा तीन जोड्या होत्या. आठवडाभरात त्यातली एक मादी फिल्टरमागच्या फटीत जाऊन बसायला लागली. मला वाटलं, तिला तिथला प्रवाह आवडतो. खाणं टाकलं की बाकीचे वर झेपावायचे. ती अर्ध्यापर्यंत यायची आणि परत फिरायची. एका सकाळी ती तळाशी पडलेली दिसली. शेपटीच्या कडा कुरतडलेल्या होत्या. मी पाणी तपासलं, तापमान पाहिलं, औषधाची चौकशी केली. रोग नव्हताच. तीन नर उजाडल्यापासून दिवा बंद होईपर्यंत तिच्या मागे होते आणि मी रोज समोर बसून ते कौतुकानं पाहत होतो. ती गोष्ट मला अजून लागते.

दहा मिनिटं टाकीसमोर नीट बसलं तर हा प्रकार दिसतो. नर मादीच्या पुढ्यात येतो, पर पसरतो आणि अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवून थरथरवतो. मादीनं पाठ फिरवली तरी तो थांबत नाही. मागून, खालच्या बाजूनं शिरतो आणि पोटाखालचा पर पुढे वळवून टोचल्यासारखा भिडवतो. नराचा हा पर काडीसारखा अरुंद आणि टोकदार असतो. मादीचा तोच पर पंख्यासारखा पसरट त्रिकोणी असतो. नर-मादी ओळखायची खरी खूण ही. रंगावर जाऊ नका, कारण मादीच्या शेपटीवरही आता रंग आणलेले आहेत.

खरं तर मादीला नराची इतकी गरजच नसते. एकदा समागम झाला की नराचं बीज ती कित्येक महिने पोटात साठवून ठेवते आणि त्यावर एकामागून एक विणी काढते. म्हणून दुकानातून एकटी आणलेली मादीही महिन्याभरात पिल्लं देते. नराला मात्र प्रत्येक प्रयत्नात बाप होण्याची संधी असते, म्हणून तो प्रयत्न सोडत नाही. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा आणि त्रिनिदाद बेटाचा. (नाव गप्पांवरून आलेलं नाही. त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून ते १८६६ मध्ये पडलं.) त्याच त्रिनिदादच्या ओढ्यांवर संशोधक साफी डार्डन आणि डॅरेन क्रॉफ्ट यांनी काम करून २००८ मध्ये दाखवलं की नरांचा ससेमिरा चुकवायला माद्या मुद्दाम शिकारी मासे असलेल्या पाण्यात जातात. भडक रंगाचे नर जिवाच्या भीतीनं तिकडे कमी फिरकतात. म्हणजे खाणारा मासा परवडला, पण हा पाठलाग नको, अशी तिची गत.

काचेच्या टाकीत तिला पळायला असं पाणी नाही. म्हणून एका नरामागे किमान दोन, शक्यतो तीन माद्या ठेवायच्या. तीन असल्या की नराचं लक्ष विभागतं आणि प्रत्येकीला सुखानं खायला, दम खायला वेळ मिळतो. दोन फुटी टाकीत, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, काठोकाठ ५४ लिटर, सुरुवातीला दोन नर आणि पाच-सहा माद्या पुरे. दाट वनस्पती हवीच. हॉर्नवर्ट, जावा मॉस, काहीही चालेल. आडोसा नसेल तर हे प्रमाणही कोलमडतं.

पण प्रमाण ठरवलं आणि काम झालं, असं नाही. मादी साधारण चार आठवड्यांनी वितेच. पहिल्या खेपेला पाच-दहा पिल्लं, पुढे वीस-तीस, मोठ्या मादीला त्याहून जास्त. काही पिल्लं आईच खाते, तरी झाडीत लपलेली वाचतात. त्यातले निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि दोन महिन्यांच्या आत वयात येतात. तुम्ही हौसेनं राखलेलं एकास तीन पावसाळा संपेपर्यंत एकास एक होऊन बसतं आणि टाकीही भरून जाते. हे टाळायचं तर पिल्लं महिन्याची होताच परांची ठेवण पाहून नर वेगळे काढावे लागतात. त्याला दुसरी टाकी लागते, वेळ लागतो आणि दर महिन्याला लागतो.

ज्यांच्याकडे दुसऱ्या टाकीची जागा नाही, त्यांनी नुसते नर पाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. याच दोन फुटी टाकीत आठ-दहा नर. भडक रंग बहुतेक नरांचेच, पिल्लांचा प्रश्न नाही. नर एकमेकांच्या मागे लागतात, पण आठ-दहांत तो त्रास वाटला जातो. दोन-तीनच ठेवले तर एकाचाच बळी जातो. त्या घोळक्यात ‘एखादी असू दे’ म्हणून मादी मात्र कधीही सोडू नका. नुसत्या माद्यांचा बेतही दुकानच्या माद्यांवर जमत नाही, कारण त्या बहुधा गाभण येतात.

उरलेली पिल्लं ओढ्यात, तळ्यात, विहिरीत सोडायची नाहीत. डासांच्या अळ्या खातो म्हणून गप्पी आपल्याकडे गावोगाव पाण्यात सोडला गेला, पण तो स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही खातो आणि एकदा रुजला की निघत नाही. ओळखीत कुणाची टाकी असेल तर तिथे द्या, दुकानदार घेत असेल तर त्याला द्या.

ज्यांच्या घरी आधीच जोड्या आहेत त्यांनी उद्या सकाळी खाणं टाकताना एवढंच पाहावं, माद्या वर येतात का. येत नसतील, तर एक नर लगेच बादलीत वेगळा काढा, बादलीत एअर पंपची नळी सोडा आणि वर जाळी टाका. गप्पी उडी मारतो. पुढच्या भागात पिल्लांचं खाणं.